काकाजींच्या इशाऱ्यावर, बिट्टूच्या मागे

आज सकाळी पुन्हा तेच. माझे दोन्ही हात कणकेत, गॅसवर दूध, यांची फर्स्ट शिफ्टला जायची घाई, आणि फाटकाची कडी उघडी राहिलेली. बिट्टू सटकला. मी तशीच गाऊनवर ओढणी टाकून, कणकेचे हात वर धरून, सेक्टर दहाच्या गल्ल्यांमधून त्याच्यामागे धावले. पाण्याच्या टाकीपाशी तो थांबला, मागे वळून माझी वाट पाहिली, मी जवळ पोचले तसा पुन्हा पळाला. दूधवाल्याने सायकल थांबवून विचारलं, "फिर भाग गया क्या, दीदी?" नाही रे बाबा, मला हौसच आहे कणकेच्या हाताने धावायची!

परत आले तर दूध उतू गेलेलं, हे चहा न घेताच ड्यूटीवर गेलेले, आणि बिट्टू माझ्या आधी येऊन पायरीवर बसलेला. जीभ बाहेर, शेपटी चालू. मी बोट रोखून ओरडले, "तुह्या काकाजीनं माह्या गळ्यात बांधलं तुले!" ओरडून झाल्यावर माझा मलाच जास्त राग आला. कारण लांजेवार काकाजींनी कधीच कोणाच्या गळ्यात काही बांधलं नाही. सगळा घोळ तिथेच तर आहे.

काकाजी गेल्या हिवाळ्यात रायपूरला, मुलाच्या घरी, झोपेतच गेले. गेलेल्या माणसाशी भांडू नये, हे मलाही कळतं. पण मी रोज भांडते. ते असतानाही भांडायची.

आमच्या शेजारचं क्वार्टर त्यांचं. मधे छातीइतकी भिंत. माझे सासरे आणि ते, दोघंही साकोलीकडचे, शेती भावांवर सोडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागलेले. मी दुर्गची मुलगी, लग्न होऊन या गल्लीत आले त्या दिवसापासून त्यांनी मला 'सूनबाई' म्हटलं आणि स्वतःच्या सुनेपेक्षा जास्त कामाला लावलं. काकूजी मी यायच्या आधीच गेल्या होत्या. मुलगा प्रकाश रायपूरला नोकरीत. घरात काकाजी, रेडिओ आणि बिट्टू.

बिट्टू म्हणजे अर्धा पॉमेरेनियन आणि अर्धा आमच्या गल्लीचा. रंग पांढरा म्हणायचा, पण तो आंघोळीनंतर तासभरच. पिल्लू असताना एका पावसात काकाजींच्या कोळशाच्या डब्यामागे शिरला, तो तिथेच राहिला. काकाजींनी त्याला भाकर दिली, दूध दिलं, जुन्या स्वेटरचं अंथरूण दिलं. पट्टा दिला नाही.

आता गंमत अशी की बांधाबांधीत या माणसाचा हात धरणारा अख्ख्या सेक्टरात कोणी नव्हता. प्लांटमध्ये ते रिगर होते. म्हणजे मोठमोठ्या लोखंडी तुकड्यांना दोर अडकवायचे आणि क्रेनवाल्याला हाताने इशारे करून ते उचलायला, सरकवायला, उतरवायला सांगायचे. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसलेला. त्या आवाजात खालून कितीही बोंबला, वर ऐकू जात नाही. म्हणून तोंड बंद आणि हात चालू. उभी नोकरी अशी केल्यामुळे काकाजींचं घरातलं बोलणंही निम्मं हातानेच असायचं. आमच्याकडे चहाला आले की सासूबाई कपात चहा ओतायच्या आणि काकाजी एक बोट वर करून गोल फिरवायचे. म्हणजे येऊ द्या. मग तळहात आडवा करायचे. म्हणजे बस. एक थेंब जास्त पडला तर मान हलवायचे.

गल्लीत कोणाचा कूलर खिडकीत चढवायचा असो, गणपतीचा मांडव उभा करायचा असो की कोणाचं सामान गाडीवर बांधायचं असो, काकाजींना हाक जायची. त्यांनी ताणलेल्या दोरीवर माझ्या ओल्या चादरी वाळायच्या, पण दोरी कधी सैल पडली नाही. एकदा मी विचारलंच, "काकाजी, एवढ्या गाठी येते तुमाले. मंग या बिट्टूले कावून बांधत नाही?"

ते बिट्टूच्या कानामागे खाजवत होते. म्हणाले, "सूनबाई, जिंदगीभर लोखंडाले दोर बांधले. लोखंड काही बोलत नाही. याले बांधीन तं हा माह्या तोंडाकडं पाहीन."

झालं. त्यांचं तत्त्व सांभाळलं गेलं आणि पळापळ आमच्या वाट्याला आली.

कारण काकाजी स्वतः कधी धावत नसत. बिट्टू पळाला की ते सावकाश चपला घालायचे, गळ्यातली शिट्टी तोंडात धरायचे, आणि गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली जाऊन उभे राहायचे. शिट्टी वाजली की घराघरातून माणसं बाहेर. मग काकाजी हात चालवायचे. तू डावीकडून. तू थांब. तू हळू. आणि आम्ही, चांगली शिकली-सवरलेली, पोराबाळांची माणसं, त्या हाताच्या तालावर बिट्टूच्या मागे! मी दर वेळी ठरवायची, आज हलायचं नाही. शिट्टी वाजली की हातातली कामं टाकून फाटकाबाहेर. आमची गल्ली सगळी प्लांटवाल्यांची, पुरुषांना तर त्या इशाऱ्यांची जन्माची सवय. समोरचे साहूजी काकाजींच्याच शॉपमध्ये, म्हणजे प्लांटच्या त्याच विभागात, क्रेन चालवायचे. त्यांनी सगळी नोकरी वरून काकाजींच्या हातांकडे बघण्यात काढली. दोघं रिटायर झाले, तरी काकाजींनी बोट हलवलं की साहूजी उठून उभे राहायचे. एकमेकांशी बोलताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. गरजच पडत नसेल.

तो बुटाचा दिवस तर मी मेल्यावरही विसरणार नाही. यांची फर्स्ट शिफ्ट. सेफ्टी शूज रात्री पॉलिश करून पायरीवर ठेवलेले. सकाळी बघतो तर एकच. दुसरा बिट्टूच्या तोंडात, आणि बिट्टू गल्लीच्या मधोमध. त्या बुटाशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. हे एका पायात बूट, एका पायात चप्पल घालून ओरडायला लागले, "अबे भैताडा, सोड! सोड ना बे!" काकाजींची शिट्टी वाजली. पाच मिनिटांत गल्ली भरली. कोणी बनियनवर, कोणी ब्रश तोंडात धरून. काकाजींनी असा घेरा लावला की मलाही वाटलं, आज हा सापडतो. चारही बाजूंनी माणसं, मधे बिट्टू, तोंडात यांचा बूट. घेरा लहान होत गेला. साहूजी तर वाकून हात पुढे करून दोन पावलांवर आले.

आणि नेमके तेव्हाच काकाजींनी दोन्ही हात आडवे पसरले. प्लांटमध्ये त्याचा अर्थ एकच. सगळं बंद, जिथल्या तिथं.

सगळे थांबले. अगदी सगळे. ब्रश तोंडातला तोंडात, साहूजी वाकलेले तसेच वाकलेले, आमचे हे एक पाय उचललेला तसाच. इतक्या वर्षांची सवय, डोक्यापर्यंत गोष्ट जायच्या आत अंग थांबतं. हलत होता तो एकटा बिट्टू. तो आरामात साहूजींच्या पायांमधून बाहेर पडला आणि बूट घेऊन गेला. साहूजी वाकूनच त्यांच्या छत्तीसगढीत म्हणाले, "ए दे, भागिस गा!" पळाला म्हणे!

मी किंचाळले, "काकाजी! थांबा कावून म्हटलं?"

काकाजींचा चेहरा एवढासा झालेला. म्हणाले, "मी बिट्टूले थांब म्हटलं होतं व. तुमाले नाही."

सगळी गल्ली पोट धरून हसली. मी नाही हसले. यांची त्या दिवशीची हजेरी गेली आणि बूट दुपारी नालीत सापडला.

आणखी एक इशारा त्यांनीच मला शिकवला. पुतण्याच्या लग्नाला साकोलीला निघाले होते. बिट्टू आमच्या अंगणात, मोकळाच, अर्थात. काकाजी फाटकात उभे राहिले आणि दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत अडकवून पोटाशी धरले.

मी म्हटलं, "हे काय करून राहिले काकाजी?"

"असे हात धरले का समजाचं, जे जसं आहे तसंच ठेवाचं. वर नाही, खाली नाही, इकडं नाही, तिकडं नाही. मी येऊन सांगेपर्यंत."

"आन् तुमी नाही आले तं?"

"येईन नाही तं जाईन कुठं? ज्यानं हात धरले, त्यानंच सोडाचे असते. दुसऱ्याले तो अधिकार नाही."

चार दिवसांनी परत आले. बॅग खाली ठेवायच्या आधी फाटकातच उभे राहून पुन्हा तसे हात धरले आणि मग झटकून मोकळे केले. म्हणजे, ड्यूटी संपली, सूनबाई. बिट्टू त्यांच्या अंगावर चढला. त्या चार दिवसांत त्याने माझी तुळस उकरली होती, वडे खाल्ले होते, आणि मला दोनदा मार्केटपर्यंत पळवलं होतं. ते मी सांगितलं. त्यांनी मान डोलवली, ऐकलं काहीच नाही.

मग क्वार्टर सोडायची वेळ आली. रिटायर झाल्यावर त्यात राहायला मिळालेली मुदत संपत आली होती. प्रकाश रायपूरहून आला. मुलगा चांगला आहे, त्याच्यात खोट काढणार नाही मी. पण त्याचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. तो काकाजींना म्हणाला, "बाबा, बिट्टूलाही नेऊ. पर सोसायटी का रूल है, पट्ट्याशिवाय खाली उतरवता येत नाही. त्याला पट्ट्याची सवय लावा. लागली तरच न्यायचा." आणि एक लाल पट्टा, साखळीसकट, टेबलावर ठेवून गेला.

म्हणजे बिट्टूने पट्टा घेतला तर काकाजी आणि बिट्टू बरोबर जाणार. नाही घेतला तर काकाजी एकटे. इतकं साधं होतं. आणि ते काम कोणाकडे आलं? माझ्याकडे!

"तू बांध सूनबाई," काकाजी म्हणाले. "माह्यानं नाही होत." आणि आत जाऊन रेडिओ मोठा केला.

तो सगळा उन्हाळा माझा त्यात गेला. सकाळी पट्ट्याला साखळी लावायची, ती धरायची, बिट्टू पायरीवर अंग टाकून मेल्याचं सोंग करायचा. ओढलं की चारही पाय ताठ. जरा लक्ष हललं की मान अशी काही वळवायचा की पट्टा माझ्या हातात आणि बिट्टू गल्लीच्या पार. मग शिट्टी, मग कडुनिंबाखाली काकाजी, मग धावा. माझी चप्पल तुटली. गुडघा फुटला. सासूबाई म्हणाल्या, सोड ना व, तुले काय पडली आहे? पडली होती. रिकाम्या क्वार्टरात रेडिओशी बोलणारा म्हातारा मी रोज भिंतीवरून बघत होते. तोच सहाव्या मजल्यावर, कोणी ओळखीचं नाही, हात हलवला तर समजणारं कोणी नाही, अशा घरात एकटा बसलेला मला दिसायचा. मला तो बिट्टू त्यांच्याबरोबर गेलेला हवा होता. म्हणून मी धावत होते.

रोज संध्याकाळी मी पट्टा नीट बघून, बिट्टूच्या गळ्यात बरोबर छिद्रात अडकवून, त्याला काकाजींच्या घरी सोडायची. रोज सकाळी बिट्टू त्यातून निसटायचा. मला वाटायचं, कुत्रं बारीक होत चाललंय. मग एक दिवस मी छिद्राला पेनने खूण केली. सकाळी पाहिलं तर पट्टा खुणेच्या एक घर पुढे, सैल.

मी पट्टा काढून घेऊन थेट आत गेले. रेडिओ बंद केला. "काकाजी, हा कोन ढिला करून राहिला?"

ते खुर्चीत बसले होते. हात मांडीवर. ज्या हातांनी अख्खी गल्ली पळवली ते हात जागचे हलले नाहीत.

"काकाजी, मी तुमाले विचारून राहिली."

"मीच," ते म्हणाले. "त्याच्या गळ्याले रुतते वाटते मले."

"माह्या गुडघ्याले रुतलं त्याचं काही नाही?" मी रडकुंडीला आले होते रागाने. "तुमालेच तं न्यायचा आहे ना त्याले? मी कोनासाठी मरून राहिली? एकटे कसे राहासान तुमी तिकडं?"

"तेच तं समजून नाही राहिलं व," ते म्हणाले. आणि डोळे पुसले, लपवले नाहीत. "बांधला तं त्याचे हाल. नाही बांधला तं माहे. म्या आजवर असा माल नाही उचलला, का जो कुठंच टेकवता येत नाही."

मी पट्टा तिथेच ठेवून घरी आले. त्या दिवशी स्वयंपाकात मीठ पडलं नाही, यांनी वरून घालून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून काकाजींनी पट्ट्याला हात लावला नाही. मी घट्ट छिद्रात बांधला. आठवडाभरात बिट्टू माझ्याबरोबर फाटकापासून साहूजींच्या दारापर्यंत चालायला लागला. मान खाली, शेपटी खाली, पण चालायला लागला. मी काकाजींना हाक मारून दाखवलं, "पाहा! जमलं!" ते खिडकीतून बघत होते. त्यांनी बोट वर केलं नाही, तळहात आडवा केला नाही. नुसते बघत राहिले.

निघायचा दिवस. मेटाडोर फाटकाशी लागलेली. सामान काकाजींनी स्वतः बांधलं, कपाट, पलंग, काकूजींची शिलाई मशीन. प्रत्येक गाठ ओढून पाहिली. बिट्टू आमच्या पायरीला साखळीने बांधलेला. प्रकाश म्हणाला, "चला बाबा, आता बिट्टूला घ्या." काकाजी मला म्हणाले, "तू घे."

मी साखळी सोडली आणि गाडीकडे नेऊ लागले. गाडीचं इंजिन चालू झालं. त्या आवाजाने बिट्टू असा उसळला की साखळीच माझ्या हातातून निसटली. पट्टा गळ्यात, साखळी खणखणत मागे, बिट्टू गल्लीत.

शिट्टी वाजायची गरज पडली नाही. सगळी गल्ली निरोप द्यायला बाहेरच उभी होती. साहूजी डावीकडून, हे उजवीकडून, मी मधून. मी त्या दिवशी जशी धावले तशी आयुष्यात धावले नाही. क्वार्टरांच्या मागच्या गल्लीत शेवटी भिंत आहे. बिट्टू तिथे अडकला. मागे भिंत, पुढे मी, आणि साखळीचं टोक माझ्या पायापाशी. मी वाकले. नुसतं उचलायचं बाकी होतं.

"आला काकाजी! हातात आला!" मी ओरडले आणि मागे पाहिलं.

काकाजी गल्लीच्या तोंडाशी उभे होते. दोन्ही हात आडवे पसरलेले.

साहूजी थांबले. हे थांबले. आणि मी, मी काही प्लांटमधली नाही, मला कोणी इशारे पाळायला पगार देत नाही, मीही थांबले. वाकलेली, हात साखळीच्या वर, तशीच. या वेळी ते बिट्टूला थांब म्हणत नव्हते, हे मला समजलं होतं.

काकाजी हळूहळू चालत आले. बिट्टूपाशी खाली बसले. पट्ट्याचं बक्कल काढलं. साखळीसकट पट्टा माझ्या हातात दिला.

"काकाजी, असं नका करू," मी म्हटलं. "येऊन राहिला होता तो. अजून आठ दिवसांत शिकला असता."

"शिकला असता," ते म्हणाले. "म्हणूनच."

प्रकाशने वडिलांना गाडीत चढवलं. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी पायाही पडले नाही. गाडी हलली. बिट्टू थोडं अंतर मागे धावला, मग कडुनिंबाखाली उभा राहिला, जिथे काकाजी उभे राहायचे तिथे.

नंतर रविवारी फोन यायचा. "बांधला तं नाही ना व?" मी म्हणायची, "तुमी येऊन बांधा." ते हसायचे. मग एका रविवारी फोन प्रकाशचा आला.

पण मला दिसतात ते फोनवरचे काकाजी नाहीत. दिसतात ते गाडीतले. वळणावर मेटाडोर हळू झाली, तेव्हा त्यांनी खिडकीतून वळून आमच्याकडे पाहिलं. काचेपलीकडे त्यांनी दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत अडकवले आणि छातीपाशी, मला नीट दिसतील असे, वर धरले. मी भांडायच्या आवेशातच उभी होते, तरी माझी मान होकाराने हलली. हाव, काकाजी. गाडी वळली. ते हात सोडलेले मी काही पाहिले नाहीत.